फिल्टरमध्ये काय अडकलं?

२९ सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एक कायदा अमलात आला. राज्यात विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या डिझेलमध्ये दोन टक्के बायोडिझेल मिसळणं त्या दिवसापासून बंधनकारक झालं. अशी सक्ती करणारं अमेरिकेतलं हे पहिलंच राज्य. मिनेसोटा हा सोयाबीनचा मुलूख. पेंड गुरांना, कोंबड्यांना जाते, तेल मात्र उरतं आणि त्याला भाव मिळत नाही, ही तिथल्या शेतकऱ्याची जुनी रड होती. कायदा २००२ मध्येच मंजूर झाला होता. राज्यातच वर्षाला ८० लाख गॅलन बायोडिझेल बनवण्याची क्षमता उभी राहिल्याशिवाय तो लागू करायचा नाही, अशी त्यात अट होती. ब्रूस्टर आणि अल्बर्ट लीच्या परिसरात कारखाने उभे राहिले, अट पुरी झाली आणि सोयाबीन उत्पादकांनी तीन वर्षं वाट पाहिलेला दिवस उजाडला.

थंडी पडू लागली तशा ट्रकवाल्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. धावते ट्रक हमरस्त्यावर बंद पडत होते. इंजिन गुरगुरायचं, ताकद सोडायचं आणि थांबायचं. मेकॅनिकने फिल्टर उघडला की आत चिकट लगदा. मिनेसोटात हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-तीस अंश जातो. अशा थंडीत रस्त्याच्या कडेला बंद पडलेला ट्रक म्हणजे ड्रायव्हरच्या जिवाशी गाठ. वाहतूकदारांच्या संघटनेने कायदा थांबवण्याची मागणी केली आणि डिसेंबर अखेरीस राज्याच्या वाणिज्य खात्याने सक्तीला तात्पुरती स्थगिती दिली. पुढे तिची मुदत फेब्रुवारी २००६ पर्यंत वाढली.

लोकांचा पहिला संशय थंडीवर होता. सोयाबीनच्या तेलाचं इंधन, ते गोठणारच, असं म्हणणं सोपं होतं. सोयाबीनचं शुद्ध बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास धूसर होऊ लागतं हे खरंच आहे. पण शंभर भागांत त्याचे दोनच भाग असतील, तर मिश्रणाचा गोठणबिंदू इतका थोडा हलतो की त्यावर एवढ्या तक्रारींचं खापर फोडता येत नाही. नमुने तपासल्यावर वेगळीच गोष्ट पुढे आली. पुरवठ्यात आलेला काही माल मानकात बसतच नव्हता. त्यात ग्लिसरीनचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे दोष सोयाबीनचा नव्हता, हवामानाचा नव्हता आणि कायद्याचाही नव्हता. अर्धवट झालेला माल कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला होता आणि पुढच्या एकाही टप्प्यावर त्याला कुणी अडवलं नव्हतं.

गेली वीस वर्षं बायोडिझेलच्या बाजूने आणि विरुद्ध भरपूर लिहिलं गेलं. त्यातलं बहुतेक लेखन अन्न की इंधन, शेतकऱ्याचं भलं, आयात-निर्यात आणि कार्बनच्या हिशेबावर आहे. ते प्रश्न मोठेच आहेत. पण या इंधनाचं भवितव्य ज्या गोष्टीवर प्रत्यक्षात ठरत आलं आहे, ती अगदी लहान आहे. कारखान्यातल्या टाकीतून निघालेला थेंब आणि इंजिनाच्या नोझलपाशी पोचलेला थेंब एकच आहे का, आणि तो कुणी तपासला? मिनेसोटाची कहाणी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे हा धंदा आता कुठे आकार घेतो आहे आणि त्यांनी खाल्लेल्या ठेचा आपल्याला टाळता येण्यासारख्या आहेत.

ग्लिसरीन मुळात तेलातच असतं. कुठलंही खाद्यतेल घ्या, सोयाबीनचं, पामचं किंवा शेंगदाण्याचं. त्याच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनचा एक कणा आणि त्याला जोडलेली तीन लांब फॅटी आम्लं असतात. हा रेणू अवजड असतो, म्हणून तेल घट्ट असतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं आणि ते चाललंही. पण कच्चं तेल रोज जाळलं की नोझलवर काजळी धरते, रिंगा चिकटतात, इंजिन ऑइल घट्ट होतं. यावरचा उपाय बेल्जियममध्ये सापडला. ब्रसेल्स विद्यापीठातल्या शाव्हान यांना १९३७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. तेलाची अल्कोहोलशी अभिक्रिया करून ग्लिसरीन सोडवायचं आणि तिन्ही आम्लं सुटी करून त्यांची पातळ एस्टर बनवायची. आजचं बायोडिझेल म्हणजे हीच एस्टर.

ढोबळ हिशेब असा की शंभर किलो तेल आणि दहा किलो मिथेनॉल घेतलं तर शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन मिळतं. सोबत थोडा कॉस्टिक सोडा किंवा सोडियम मेथॉक्साइड उत्प्रेरक म्हणून. साठ अंशांच्या आसपास तापमान आणि ढवळण्याची सोय असली की झालं. हे इतकं सोपं आहे की अमेरिकेत कित्येकांनी घरामागच्या शेडमध्ये जुन्या गीझरच्या टाकीत बायोडिझेल बनवलं. अडचण याच सोपेपणातून सुरू होते. अभिक्रिया एका दमात होत नाही. आधी एक आम्ल सुटतं, मग दुसरं, मग तिसरं. वेळ कमी पडला, मिथेनॉल कमी पडलं किंवा तेलात पाणी राहिलं, तर काही रेणूंवर एखाददुसरं आम्ल चिकटून राहतं. यांना मोनोग्लिसराइड, डायग्लिसराइड म्हणतात. डोळ्यांना काही दिसत नाही. द्रव सोनेरी, स्वच्छ, वाहता असतो. काचेच्या बाटलीत भरलेला चांगला माल आणि वाईट माल शेजारी ठेवले तर पंचवीस वर्षं पंप चालवलेल्या माणसालाही फरक ओळखू येणार नाही.

थंडीत मात्र हे अर्धवट रेणू एकमेकांना धरून खाली बसतात आणि फिल्टरच्या जाळीवर थर धरतात. म्हणून अमेरिकेच्या मानकात, ज्याला एएसटीएम डी ६७५१ म्हणतात, मोकळ्या ग्लिसरीनची मर्यादा वजनाच्या ०.०२ टक्के आणि मोकळं व बांधलेलं मिळून एकूण ग्लिसरीनची मर्यादा ०.२४ टक्के आहे. म्हणजे शंभर किलोत पाव किलोही नाही. हे मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो आणि ते यंत्र चालवणारा शिकलेला माणूस लागतो. गीझरच्या टाकीत बायोडिझेल बनवणं सोपं असतं, ते बायोडिझेल झालं आहे हे सिद्ध करणं अवघड असतं.

त्या काळात अमेरिकेत धंद्याला उधाण आलं होतं. जानेवारी २००५ पासून शेतमालापासून बनवलेल्या प्रत्येक गॅलन बायोडिझेलमागे एक डॉलरची करसवलत सुरू झाली. २००४ मध्ये देशाचं उत्पादन सुमारे २.८ कोटी गॅलन होतं, ते २००६ मध्ये सुमारे २५ कोटींवर गेलं. दोन वर्षांत जवळजवळ नऊपट. इतक्या झपाट्याने कारखाने उभारता येतात, पण त्यांच्यासाठी रसायनतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा उभ्या राहत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २००६ मध्ये देशभरातून शुद्ध बायोडिझेलचे नमुने गोळा केले, तेव्हा त्यातले ५९ टक्के मानकात नापास झाले. सर्वांत मोठं कारण जास्तीचं ग्लिसरीन. दोनच वर्षं आधीच्या अशाच पाहणीत बहुतेक नमुने पास झाले होते. उत्पादन वाढलं आणि दर्जा घसरला, हे इतक्या उघडपणे क्वचितच कागदावर येतं.

मला त्या उद्योगाचं कौतुक वाटतं ते याच्या पुढच्या वागण्यासाठी. पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. कुणी ते दाबले नाहीत. उद्योगाच्याच पुढाकाराने एक स्वतंत्र मान्यता मंडळ काम करत होतं आणि बीक्यू-९००० नावाची पद्धत त्याने आखली होती. कागदोपत्री ती ऐच्छिक होती. पण मोठे खरेदीदार आणि इंजिन बनवणाऱ्या कंपन्या मान्यताप्राप्त पुरवठादाराकडूनच माल घ्या असं सांगू लागल्यावर तिला वजन आलं.

नुसती अंतिम चाचणी मागून ही पद्धत थांबत नाही. कारखान्यात प्रत्येक लॉटला क्रमांक द्यायचा. टाकी भरली की तिचा मुख्य प्रवाह बंद करून, वरून, मधून आणि खालून नमुना घ्यायचा. चाचणीचा दाखला त्याच लॉटच्या नावाने काढायचा, मागच्या महिन्याच्या दाखल्यावर आजचा माल पाठवायचा नाही. नमुन्याची एक बाटली सील करून राखून ठेवायची. टँकर आला की त्याच्या आधीच्या फेरीत काय होतं ते विचारायचं आणि लिहून घ्यायचं. कप्प्यांत पाणी, जुनं तेल, कच्चं खाद्यतेल उरलेलं नाही हे मॅनहोल उघडून पाहायचं. नळ्या आणि गॅस्केट कोणत्या रबराची आहेत ते पाहायचं, कारण साधं नायट्राइल रबर शुद्ध बायोडिझेलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. तांबं, पितळ, जस्त यांचे व्हॉल्व्ह आणि जोड टाळायचे, कारण हे धातू तेलाच्या बिघडण्याला वेग देतात. डेपोत माल उतरवताना, साठवताना, मिसळताना आणि पुन्हा भरताना प्रत्येक वेळी कुणीतरी सही करतो. माल परत पाठवण्याची वेळ आली तर तो कुठवर पोचला आहे हे कागदावरून सांगता आलं पाहिजे.

यात एकही गोष्ट अवघड विज्ञानाची नाही. रोजच्या रोज, कंटाळा न करता, रात्रपाळीतसुद्धा ती करणं अवघड आहे.

मिसळण्याचा टप्पा तर वेगळा सांगायला हवा, कारण उत्तम माल इथे वाया जाऊ शकतो. बायोडिझेलची घनता ०.८८ च्या आसपास, डिझेलची ०.८३ ते ०.८५. टाकीत आधी बायोडिझेल ओतलं आणि वर डिझेल सोडलं, तर जड असलेलं बायोडिझेल तळाला बसून राहू शकतं. उन्हाळ्यात टँकरच्या हिंदकळण्याने ते मिसळतं. थंडीत डिझेल गारठलेलं असेल, तर त्याला टेकलेलं बायोडिझेल तिथल्या तिथे स्फटिक धरतं. मग एका ट्रकला दोन टक्क्यांचं मिश्रण मिळतं, दुसऱ्याला दहा टक्क्यांचं आणि तळ खरवडणाऱ्या तिसऱ्याला त्याहूनही जास्त. मिनेसोटाने पुढे टर्मिनलवर गरम ठेवलेल्या, आवरण घातलेल्या टाक्या बसवल्या आणि वाहत्या डिझेलच्या पाइपमध्येच मोजून बायोडिझेल सोडण्याची यंत्रणा वापरली. खर्च मोठा होता. त्याशिवाय कायदा पुन्हा उभा राहिला नसता.

एवढं करूनही सगळं सुटलं नाही. मानकाच्या सगळ्या कसोट्या पार केलेलं काही बायोडिझेल थंडीत फिल्टर चोंदवत होतं. शोध घेतल्यावर सोयाबीन आणि पाममध्ये अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या स्टेरॉल ग्लुकोसाइड या पदार्थांवर नजर गेली. मूळ तेलात ते एका फॅटी आम्लाला जोडलेले असतात आणि विरघळून राहतात. बायोडिझेल बनवण्याच्या अभिक्रियेतच ते आम्ल सुटतं आणि उरलेला भाग विरघळेनासा होतो. लगेच दिसत नाही. दिवस गेले की टाकीच्या तळाशी पांढुरका साका दिसू लागतो आणि इंधन गरम केलं तरी तो जात नाही, कारण त्या पदार्थाचा वितळणबिंदू २४० अंशांच्या आसपास आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या मानकात याच्यासाठी नवी चाचणी आली. तीनशे मिलिलिटर बायोडिझेल ४.४ अंशांवर सोळा तास ठेवायचं, पुन्हा खोलीच्या तापमानाला आणायचं आणि ०.७ मायक्रॉनच्या गाळणीतून जाऊ द्यायचं. तीनशे साठ सेकंदांत ते गेलं पाहिजे. फार थंड प्रदेशासाठी वेळ आणखी कमी, दोनशे सेकंद. प्रयोगशाळेने रस्त्यावरच्या मेकॅनिकचं ऐकून नियम बदलला, याची मला फार किंमत वाटते.

मग २००९ चा जानेवारी आला. कडाक्याच्या थंडीत ब्लूमिंग्टन शहरातल्या शाळांच्या बस बंद पडल्या, वर्ग रद्द झाले आणि बातम्यांनी एका दिवसात निकाल दिला की दोष बायोडिझेलचा. देशभर तीच बातमी फिरली. नंतर फिल्टरमधला पदार्थ तपासला गेला. तपासाचं बोट बायोडिझेलकडे वळलं नाही. खनिज डिझेलमध्येच मेण असतं आणि कडक थंडीत ते गोठतं. पहिली बातमी जितक्या दूर गेली तितका हा खुलासा गेला नाही. यात एक गोष्ट मात्र चांगली झाली. तपासायला फिल्टर होता, टाकीतला नमुना होता, पुरवठ्याची नोंद होती. २००५ मध्ये याच नोंदींनी खरा दोष उघडा पाडला होता. २००९ मध्ये त्यांनीच खोटा आरोप खोडला.

२००७ च्या पाहणीत उत्पादनाच्या प्रमाणात मोजलं तर सुमारे ९० टक्के माल मानकात बसला. मिनेसोटात मे २००९ पासून प्रमाण पाच टक्के झालं, २०१४ पासून उन्हाळ्यात दहा टक्के आणि मे २०१८ पासून उन्हाळ्यात वीस टक्के. हिवाळ्यात ते पाचवर येतं. ऋतूप्रमाणे प्रमाण बदलण्याचा हा शहाणपणा पहिल्या हिवाळ्याच्या मनस्तापातून आला.

आता आपल्याकडे वळू. भारताच्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचं लक्ष्य आहे. देशात वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल लागतं, म्हणजे पाच टक्के म्हटलं तरी पाचशे कोटी लिटरच्या वर बायोडिझेल हवं. प्रत्यक्षात मिश्रण बरीच वर्षं एका टक्क्याच्याही खाली रेंगाळलं आहे. कधी काळी सगळी भिस्त रतनजोतीवर होती. पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, खत नको, तेल घ्या, असं सांगितलं गेलं. पाणी नसेल तर रतनजोतीला बियाही बेताच्याच येतात, हे शेतकऱ्यांना स्वखर्चाने कळलं. आता भर आहे तो तळणाच्या वापरलेल्या तेलावर.

ही कल्पना मला मनापासून पटते. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं वाढत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम अन्न सुरक्षा आणि मानक प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याच्या नोंदी ठेवायच्या आणि उरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, हेही पुढे ठरलं. नाहीतर मोठ्या हॉटेलातलं काळं तेल हातोहात फिरत गाड्यावरच्या भज्यांत जातं. ते ट्रकच्या टाकीत गेलं तर माणसाच्या पोटातून विष कमी होतं. १० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत अशा तेलापासून बनलेलं बायोडिझेल पहिल्या वर्षी ५१ रुपये लिटरने विकत घेण्याची तयारी जाहीर केली.

पण कच्चा माल जितका वाईट, तितकं रसायन अवघड. फरसाणाच्या कढईतून निघालेल्या तेलात पाणी असतं, मीठ असतं, बेसनाचा चुरा असतो आणि सुटी झालेली आम्लं असतात. ही आम्लं टक्क्याच्या वर गेली की कॉस्टिक सोड्याशी त्यांचा साबण होतो. साबण झाला की ग्लिसरीन नीट वेगळं होत नाही आणि धुताना सगळं फेसाळतं. म्हणून आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉलने त्या आम्लांचं एस्टर करावं लागतं, मग पाणी काढावं लागतं, मग नेहमीची अभिक्रिया. प्रत्येक बॅचचं तेल वेगळं, म्हणून प्रत्येक बॅचची कृती वेगळी. सोयाबीनच्या एकसारख्या शुद्ध तेलावर चालणाऱ्या मिनेसोटातल्या कारखान्यांपेक्षा भिवंडी किंवा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात तळणाच्या तेलावर चालणाऱ्या कारखान्याला प्रयोगशाळेची गरज कितीतरी जास्त.

भारताचं मानक आहे आणि ते चांगलं आहे. आयएस १५६०७ हे शुद्ध बायोडिझेलसाठीचं मानक २००५ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये सुधारलं गेलं. एस्टरचं प्रमाण किमान ९६.५ टक्के, एकूण ग्लिसरीन ०.२५ टक्क्यांच्या आत, पाणी दहा लाख भागांत पाचशेच्या आत. पंपावर मिळणाऱ्या साध्या डिझेलमध्येही सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. मानक कागदावर असणं आणि मालाचा प्रत्येक लॉट त्यावर घासून पाहिला जाणं, यांमध्ये अजून मोठं अंतर आहे.

२०२०-२१ च्या सुमारास गुजरात आणि महाराष्ट्रात हमरस्त्यांवर स्वस्त ‘बायोडिझेल’ची दुकानं उगवली. डिझेलचे भाव चढलेले होते. कित्येक ठिकाणी पुरवठा विभागाने आणि पोलिसांनी धाडी घातल्या. त्यांतल्या बऱ्याच मालाचा शेतीशी किंवा तळणाच्या तेलाशी काही संबंध नव्हता. औद्योगिक वापरासाठी आणलेलं खनिज तेल नाव बदलून विकलं जात होतं. केंद्र सरकारच्या ३० एप्रिल २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बायोडिझेल म्हणून विकायचा माल शंभर टक्के बायोडिझेल असला पाहिजे आणि मानकात बसला पाहिजे. मिश्रण करून त्याला बायोडिझेल म्हणता येत नाही. सूचना स्पष्ट होत्या, त्या पाळल्या जात आहेत का हे पाहणारे हात कमी पडले.

या फसवणुकीत सर्वांत जास्त नुकसान कुणाचं झालं? कर बुडाला हे खरं. पण एक-दोन गाड्या असलेल्या मालकाचे इंजेक्टर गेले, ते त्याने स्वतःच्या खिशातून बदलले. एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत इंधन दोन हजार बारपर्यंतच्या दाबाने फवारलं जातं आणि इंजेक्टरच्या भागांतली फट काही मायक्रॉनची असते. या इंजिनांना दहा लाखांत दहा भागांहून जास्त गंधक चालत नाही, धुराड्यातली शुद्धीकरण यंत्रणा बिघडते. आणि जो कारखानदार प्रामाणिकपणे प्रयोगशाळा चालवतो, दाखला देतो, त्याच्या मालाकडेही ड्रायव्हर संशयाने पाहू लागला. ‘बायोडिझेल नको रे बाबा, पंप खातं’ हे वाक्य आता ढाब्यांवर रूढ झालं आहे. हे वाक्य पुसायला कित्येक वर्षं लागतील, याचं मला खरोखर वाईट वाटतं. कारण गंधक काढून टाकलेलं आजचं डिझेल कोरडं असतं, त्याची वंगणक्षमता कमी होते. त्यात एक-दोन टक्के चांगलं बायोडिझेल घातलं तर तोच पंप जास्त टिकतो.

आपल्या पंपांवर डेन्सिटी तपासण्याची चांगली सवय रुजली आहे. टँकर आला की हायड्रोमीटर बुडवायचा, तापमान पाहायचं, तक्त्यावरून १५ अंशांची घनता काढायची आणि चलनावरच्या आकड्याशी ताडायची. घन मीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक असेल तर माल उतरवायचा नाही. डिझेलमध्ये केरोसीन घातलं आहे का, हे पकडायला ही पद्धत उत्तम. बायोडिझेलसाठी ती पुरत नाही. ०.२५ टक्क्यांऐवजी ०.६ टक्के ग्लिसरीन असलेल्या मालात घनता इतकी कमी हलते की हायड्रोमीटरला पत्ताही लागत नाही. म्हणजे आपल्याकडे ज्या एका तपासणीवर सगळ्यांचा विश्वास आहे, तिच्यातून मिनेसोटाला छळणारा माल बिनबोभाट पार होईल.

पाण्याचा प्रश्न तर आपल्या हवेत अधिकच टोकदार आहे. डिझेलमध्ये फार थोडं पाणी विरघळतं. बायोडिझेल त्याच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या बंदरांवर पावसाळ्यात नौका किनाऱ्याला लागतात, मासेमारीबंदीचे दोन महिने टाक्या अर्ध्या भरलेल्या राहतात. दिवसाउजेडी टाकी तापते, रात्री गार होते, व्हेंटमधून दमट हवा आत येते आणि पाणी तळाला साठतं. तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात, काळा चिकट पापुद्रा धरतो. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच फेरीत इंजिन बंद पडलं तर दोष शेवटी भरलेल्या इंधनाला दिला जाईल, टाकीला नाही. बायोडिझेल मिसळलेलं इंधन टाकीत ठेवायचं असेल तर टाकी भरून ठेवणं, तळाचा नळ उघडून पाणी काढत राहणं आणि शुद्ध बायोडिझेल सहा महिन्यांपेक्षा जास्त न साठवणं, हे मच्छीमार सोसायट्यांच्या पंपांवर मराठीत लिहून लावलेलं असायला हवं.

थंडीचा प्रश्न आपल्याला नाही असंही समजू नये. आपल्याकडचं तळणाचं तेल बरंचसं पामोलिन असतं. पामच्या बायोडिझेलचा धूसर होण्याचा बिंदू तेरा-सोळा अंशांच्या आसपास येतो. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांजवळ जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. सात टक्के मिश्रणाला तिथे त्रास होणार नाही. पण स्वस्त मिळतं म्हणून ट्रॅक्टरच्या टाकीत निम्मं-शिम्मं बायोडिझेल ओतणाऱ्याला होईल. शुद्ध बायोडिझेल विकणाऱ्या दुकानातून माल घेऊन ड्रायव्हरनेच टाकीत अंदाजे मिसळण्याची जी रीत पडते आहे, ती मला सर्वांत धोक्याची वाटते. मिनेसोटाने ज्या कामासाठी टर्मिनलवर मोजणारी यंत्रणा बसवली, ते काम आपण कॅनने करतो आहोत.

आणखी एक खबरदारी सहसा सांगितली जात नाही. बायोडिझेल चांगला द्रावक आहे. जुन्या गाडीच्या टाकीत दहा-पंधरा वर्षांचा गाळ आणि राळ चिकटलेली असते, ती ते सोडवतं. पहिले काही हजार किलोमीटर फिल्टर लवकर भरतो. हे बायोडिझेल वाईट असल्याचं लक्षण नाही, पण सांगितलं नाही तर ड्रायव्हर भेसळच समजेल. बायोडिझेल सुरू करणाऱ्या एसटी डेपोला किंवा वाहतूक कंपनीला पहिल्या महिन्यात जादा फिल्टर साठ्यात ठेवायला पुरवठादाराने सांगितलं पाहिजे.

घरगुती पातळीवर एक कसोटी आहे. जगभरचे छोटे उत्पादक ती वापरतात. वीस अंशांच्या आसपास सत्तावीस मिलिलिटर मिथेनॉलमध्ये तीन मिलिलिटर बायोडिझेल टाकून हलवायचं. चांगलं बायोडिझेल पूर्ण विरघळतं, द्रव स्वच्छ राहतो. अभिक्रिया न झालेलं तेल तळाशी थेंब धरून बसतं. बायोडिझेलच्या नावाखाली खनिज तेल दिलं असेल तर तेही मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही. ही चाचणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही. मोनोग्लिसराइड तिला सापडत नाहीत, पाणी सापडत नाही. मिथेनॉल विषारी आहे, डोळे आणि जीव दोन्ही घेऊ शकतं, म्हणून ती पंपावरच्या पोऱ्याच्या हाती द्यायची नाही. पण ज्या वाहतूकदार संघटनेकडे शे-दोनशे गाड्या आहेत, तिने एक प्रशिक्षित माणूस आणि एक बंद खोली यासाठी ठेवली, तर निव्वळ बनावट माल टाकीत जाण्याआधी थांबेल.

त्यापुढचं काम सरकारचं आणि तेल कंपन्यांचं आहे. बायोडिझेल विकणाऱ्या प्रत्येक ठिकाणी डेन्सिटीच्या फलकाशेजारी दुसरा फलक असावा. त्यावर उत्पादकाचं नाव, लॉटचा क्रमांक, चाचणीची तारीख, एस्टरचं प्रमाण, पाणी, एकूण ग्लिसरीन आणि फ्लॅश पॉइंट मराठीत लिहिलेले असावेत. लॉटची सीलबंद बाटली पंपावर राखलेली असावी आणि गाडी बंद पडलेल्या माणसाला ती सरकारी प्रयोगशाळेत फुकट तपासून मिळावी. वर्षातून एकदा राज्यभरातून नमुने उचलून किती पास झाले, किती नापास झाले, हे जिल्हावार प्रसिद्ध व्हावं. पहिल्या वर्षी आकडा लाजिरवाणा आला तरी तो छापावा. अमेरिकेने ५९ टक्के नापास छापले आणि पुढच्याच वर्षी चित्र पालटू लागलं.